ॲर्डिसने केलेला फोन

ॲर्डिस हॉगन वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला होती. नवरा कधीच गेला होता, मुलगा अलास्कात. मिनेसोटाच्या उत्तर टोकाच्या त्या गावात, ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत ती एकटीच राहायची. शेजारच्या ट्रेलरमध्ये शेना, तिची पाच वर्षांची लेक मॅसी आणि हल्लीच राहायला आलेला शेनाचा मित्र ट्रॉय.

जानेवारीत एका दुपारी ॲर्डिसला खिडकीतून मॅसी तिच्या ट्रेलरच्या मागच्या पायरीवर बसलेली दिसली. अंगात कोट नाही, पायांत नुसते मोजे. तिने पोरीला उचलून घरात आणलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं.

"बाहेर का गं बसलीस?"

"दूध सांडलं. ट्रॉय म्हणाला, बस तिथे, म्हणजे अक्कल येईल."

"आणि आई?"

"कामावर."

गरम कोको हातात घेताना मॅसीची बाही वर सरकली. दंडावर बोटांचे वळ काळेनिळे पडले होते. तेवढ्यात ट्रॉय दारात आला. "थापा मारते ही, लक्ष नको देऊस," असं हसत म्हणाला आणि तिला घेऊन गेला. ॲर्डिसने नेऊ दिलं. मग तिने दार लावून कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या बालसंरक्षण खात्याला फोन लावला.

फोनवरच्या बाईचा आवाज शांत होता. मुलगी किती वर्षांची, काय दिसलं, ती काय म्हणाली, सगळं तिने विचारून घेतलं. "तुमचं नाव कुणाला कळणार नाही," ती म्हणाली.

"पुढे काय झालं ते मला कळेल?"

"नाही. ते आम्हाला सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी कौंटीची गाडी आली. लिंडक्विस्ट नावाची बाई बराच वेळ आत होती. संध्याकाळी शेना ॲर्डिसकडे आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"कुणीतरी चुगली केलीय माझी. शाळेतलीच कुणी असणार. उद्या ती परत घर बघायला येतेय, आणि घर म्हणजे नुसता उकिरडा झालाय. येशील का जरा आवरायला?"

ॲर्डिस गेली. फ्रिज पुसला, बाथरूम घासलं, मॅसीच्या अंथरुणावरची चादर बदलली. शेना बडबडत होती, ॲर्डिस हूं हूं करत होती. आपल्याला वाईट वाटतंय की बरं, हेही तिला उमगेना. हात चालत होते एवढंच. ट्रॉय सोफ्यावर बसून टीव्ही बघत होता. त्याने पाय उचलले, तिने खालून झाडलं.

घर लखलखीत होतं, पण वळ पुसता थोडेच येतात? दुसऱ्या दिवशी लिंडक्विस्टबाई मॅसीला घेऊन गेली. कपडे एका काळ्या पिशवीत भरले होते. शेना अंगणात बर्फात उभी राहिली, गाडी दिसेनाशी झाल्यावरही. ॲर्डिसने पडदा ओढला आणि धुलाईघरात कामावर गेली. तिथे दिवसभर चादरींच्या घड्या घातल्या.

नंतर कुणीच काही सांगितलं नाही. ट्रॉयचा पिकअप एक दिवस दिसेनासा झाला. मॅसी डुलुथला मावशीकडे आहे, हे दुकानात कुणाच्या तरी तोंडून कळलं. शेना कोर्टाच्या तारखांना जायची, आठवड्यातून एकदा लेकीला भेटून यायची. ॲर्डिस तिच्याकडे ओव्हनमध्ये शिजवलेला बटाट्याचा हॉटडिश घेऊन जायची. दोघी एकत्र जेवायच्या.

मार्चमध्ये एकदा जेवता जेवताच ॲर्डिस म्हणाली, "तो फोन मी केला होता."

शेनाने काटा खाली ठेवला नाही. "ठाऊक आहे. त्या बाईने पहिल्याच दिवशी पायरीचं विचारलं. ती पायरी तुझ्याच खिडकीतून दिसते."

"मग आवरायला मला का बोलावलंस?"

"दुसरं होतं कोण मला?"

शेना पुढे म्हणाली, "मला दिसत होतं गं सगळं. दिसत होतं आणि मी कामावर जात होते." तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. मग तिने डिश ॲर्डिसकडे सरकवली. "घे अजून. उरलं तर वाया जाईल."

शाळेला सुट्टी लागल्यावर मॅसी घरी राहायला परत आली. उंच झाली होती, केस कापले होते. ॲर्डिस तिला बघायला कुंपणापर्यंत गेली. मॅसीने तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली नाही, आणि सायकल घेऊन ट्रेलरच्या पलीकडच्या बाजूला खेळायला गेली. शेना दारातून म्हणाली, "त्या दिवशी तू तिला ट्रॉयबरोबर जाऊ दिलंस ना. विसरत नाही ती."

"बरोबर आहे तिचं," ॲर्डिस म्हणाली, आणि कामाची वेळ झाली होती म्हणून गेली.