पट्ट्याच्या आतली गाडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगून राहिले, कारण तुम्ही आमच्या प्रताप नगरातले नसाल — निदान मी तसं धरून चालते.

मला बघत उभं राहायची खोड आहे, भारी वाईट खोड. बर्डीच्या बाजारात काम असतं पाच मिनिटांचं आणि मी रमते तासभर. कोणी उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या आरशात केस नीट करतं, कोणी डिक्कीत मावत नाही ती उशी गुडघ्यानं कोंबतं. आणि गाडी सापडेनाशी झाली की माणूस आधी हातातल्या किल्लीकडे बघतो — पाहिलंय कधी? काहून बघत असेल बाप्पा? किल्ली काय सांगणार आहे त्याला?

असं बघून बघूनच मी कॉलनीत पार्किंगची मास्तरीण झाले. बर्डीला निघालेलं माणूस आधी मला विचारतं. मी सांगते — दुकानासमोर जागा शोधत घिरट्या घालू नका, मागच्या गल्लीत लावा आणि चालत या. सणाच्या आधी गाडी नेऊच नका, मेट्रोनं जा. आणि दुचाकीचं हँडल लॉक करू नका. बर्डीत रिवाजच आहे तसा, येणारा दुसऱ्याची गाडी थोडी सरकवतो आणि स्वतःची घुसवतो. लॉक असली की शिव्या खाता, वर ओरखडे.

शोभालाही मीच हे शिकवलं. शोभा म्हणजे माझ्या भिंतीपलीकडची शेजारीण. पन्नाशीला आल्यावर स्कूटर शिकली. तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा, “आता विमान चालवन आमची बाई!” ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात यायची. मी मागे बसायचे, जीव मुठीत धरून. तिची आई जुन्या शहरात, महाल भागात एकटी राहते. मनात येईल तेव्हा, कोणाला न विचारता आईकडे जाता यावं — एवढ्यासाठी तिचा सगळा खटाटोप होता. आणि जायला लागली होती हो. किती खुशीत असायची!

त्या दिवाळीच्या आधीची दुपार. आता — हे कसं सांगू? सरळच सांगते. मला ब्लाउजपीस हवं होतं, मॅचिंग. दुसऱ्यांना मेट्रोनं जा म्हणणारी मी, स्वतः गाडी घेऊन गेले होते. दुकानापुढची रांग गच्च भरलेली. टोकाला एक करडी गाडी, पांढऱ्या पट्ट्याच्या अगदी आत लावलेली, हँडल मोकळं. मी ती ओढली. थोडी नाही — मागचं चाक पट्ट्याबाहेर, रस्त्यावर येईपर्यंत ओढली. आणि तिच्या जागी माझी लावली. कोणाची आहे ते पाहिलंही नाही. अशा करड्या गाड्या काय कमी आहेत नागपुरात?

ब्लाउजपीस घेतलं आणि समोरच्या बाजूला रस प्यायला थांबले. तेवढ्यात गाड्या उचलणारा ट्रक आला. भोंग्यावरून नंबर पुकारला. तो नंबर मला पाठ होता. शोभाच्या नव्या गाडीपुढे नारळ मीच फोडला होता.

रस्ता ओलांडायचा होता फक्त. “थांबा हो, मी सरकवली ती” — एवढं बोलायचं होतं. मी ग्लास धरून उभी राहिले. लोक काय म्हणतील ही भीती होतीच. पण त्याहून लाजिरवाणं ऐका — मला बघायचं होतं. पोरं गाडी कशी धरतात, कशी वर फेकल्यासारखी ठेवतात... मी बघत राहिले आणि ट्रक गेलाही.

मग शोभा पिशव्या घेऊन बाहेर आली. नेमकी माझ्या गाडीपाशी थांबली. जागा बरोबर लक्षात होती तिच्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग मी दिसले आणि तिचा चेहरा उजळला.

“माय वं, बरं झालं तू भेटली! माही गाडी इथंच होती. पट्ट्याच्या आत. मी उतरून दोनदा पाह्यलं.”

आणि मी म्हटलं — ऐकताय ना? — मी म्हटलं, “मी आले तेव्हा इथं जागा रिकामीच होती. आत असती तर उचलली असती का वं? बाहेरच लावली असशील तू.”

तिनं खाली पट्ट्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“असन,” ती म्हणाली.

गाडी उचलली जाणं काही मोठं नाही, बर्डीत रोज जातात. मी तिच्याकडून घेतलं ते हे — तिनं स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलेलं. तिला माझ्या गाडीवर बसवून तिची गाडी सोडवायला नेलं, तर वाटेत माझेच आभार मानत होती. घरी तिच्या नवऱ्याला आयता विषय मिळाला. “वहिनी, तुम्हीच सांगा, हिले पट्टा दिसत नाही!” आणि मी हसले. हो, हसले. भाऊजींसोबत.

त्यानंतर शोभानं गाडी चालवली नाही. काही दिवस गाडी पोर्चमध्ये झाकून होती, मग विकली. महालात आता भाऊजींना सवड असली तर जाणं होतं, नसली तर नाही. तिची आई फोनवर विचारते, कधी येते वं. भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू येतं.

संध्याकाळी आम्ही दोघी फिरायला जातो. अजूनही. तिनं फाटकाला कुलूप लावलं की ते ओढून बघते, दोन पावलं चालते, थांबते. मग मला म्हणते, “तू पाह्य वं एकदा. माह्या डोळ्यांचा काही भरोसा नाही.”

मी मागे फिरते, कुलूप ओढून बघते आणि तिला सांगते, लागलंय.