जिव्याभाऊंची टेस्टिंग

तलासरी नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून जिव्याभाऊंचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक जॅक आणि जिव्याभाऊंची मतं. हायवेवरच्या ट्रकांचे ब्रेक आणि क्लच ते दुरुस्त करतात आणि काम चोख करतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे त्यांच्याबद्दल बरं असं फारसं काही येणार नाही.

शेजारच्या वेवजी गावचा हा माणूस शर्यतीच्या गाड्यांच्या नादाला कसा लागला, ते तो स्वतःच सांगतो. दिल्लीजवळ ती मोठी शर्यत व्हायची त्या वर्षांत एक कंटेनर नाक्यावर बंद पडला. आत शर्यतीचे टायर आहेत, असं ड्रायव्हर म्हणाला. जिव्याभाऊंनी ब्रेक दुरुस्त करून दिले आणि ड्रायव्हरने खूश होऊन त्यांना एक लाल टोपी दिली. कंटेनर उघडून कोणी पाहिला नव्हता, आत कांदेही असतील. पण त्या दिवसापासून जिव्याभाऊ स्वतःला त्या धंद्यातले समजू लागले.

आता शर्यती काय, टीव्हीवर कोणीही बघतं. जिव्याभाऊंचा प्रांत वेगळा. दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळे संघ आपापल्या नव्या गाड्या स्पेनमधल्या एका ट्रॅकवर आणून पळवून बघतात. त्याला टेस्टिंग म्हणतात. तिथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गाड्या गोल फिरतात आणि फेरीला लागलेला वेळ लिहून घेतात. त्या वेळांवरून वर्षभर कोणाचं काय होणार ते सांगायचं, हे जिव्याभाऊंचं काम. हे काम त्यांना कोणी दिलं होतं, असं विचारू नका.

"टाकीत किती तेल हाय ते कळल्याबिगर टायमाला अर्थ नाय, नविनशेठ," ते सांगायचे. "रिकामा ट्रक मेंढवणच्या खिंडीत कोनीबी पळवील. भरलेला पळवून दाखव म्हनावं." हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाच्या मागच्या बाजूला तेच छापून येईल अशी मला भीती वाटते.

शास्त्र असं पक्कं, पण भाकितं? २०१४ साली एक नामांकित संघ टेस्टिंगमध्ये धड चार फेऱ्याही मारू शकेना. जिव्याभाऊंनी त्यांना मोडीत काढलं. पहिल्याच शर्यतीत त्यांची गाडी दुसरी आली. जिव्याभाऊ दोन दिवस गॅरेजला फिरकले नाहीत. मग इंधनाच्या नियमावरून ती गाडी बाद झाल्याचं त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी नाक्यावर पेढे वाटले. पुढच्या वर्षी आणखी एक गाडी अशीच सारखी बंद पडत होती. या वेळी ते शहाणे झाले होते. "मुद्दाम बंद पाडतायत, खरा जोर लपवतायत," असं म्हणाले. तो संघ वर्षअखेर नववा आला. मी विचारलं तर म्हणाले, की अजून लपवतायत.

इथवर मला गंमत वाटायची. २०१९च्या फेब्रुवारीपासून गंमत वाटेनाशी झाली, कारण त्यांनी टेस्टिंग घरात आणली.

त्यांची मुलगी निलम घोलवडच्या एका नर्सरीत चिकूची कलमं बांधते. त्याच नर्सरीत डहाणूकडच्या एका पाड्यातला तुषार कामाला होता. दोघांचं जुळलं आणि तुषारच्या घरचे रीतसर मागणी घेऊन वेवजीला आले. सरळ माणसाने चहा पाजून होय किंवा नाही सांगितलं असतं. जिव्याभाऊंना जुनी रीत आठवली. त्यांच्या समाजात पूर्वी लग्नाआधी मुलाने मुलीच्या बापाच्या घरी राहून शेतावर राबायचं आणि बापाने त्याला पारखायचं, असं असे. हल्ली हे फारसं कोणी करत नाही. खुद्द जिव्याभाऊ मात्र दोन वर्षं सासऱ्याकडे, सुक्याबाबांकडे, राबले होते आणि मग गंगीवहिनींशी त्यांचं लग्न झालं होतं. "एक महिना राहू दे पोराला," ते म्हणाले. "मी बघतो."

तुषारने नर्सरीतून महिन्याची सुट्टी काढली आणि कपड्यांची पिशवी घेऊन आला. जिव्याभाऊंनी वापीच्या बाजारातून स्टॉपवॉच आणलं. वहीला रकाने मी पाडून दिले, कॉम्प्युटरवर, वर शीर्षक देऊन. त्याची मला आजही लाज वाटते. डाव्या पानावर स्पेन, उजव्या पानावर वेवजी. डावीकडचे आकडे मोबाइलवर दुपारपासून यायचे. उजवीकडचे ते स्वतः घ्यायचे, आंब्याखाली खाटेवर बसून, लाल टोपी घालून. ट्रकवाले नाक्यावर हॉर्न वाजवून वाजवून निघून जात.

त्या वहीतलं थोडं मला पाठ आहे. 'बांध घालणे, दहा हात: दोन तास चाळीस मिनिटं. मंद.' 'भाताच्या रोपांचा राब भाजायला फांद्यांचे भारे, चार: साडेतीन तास. वाटेत तीनदा बसला.' 'कुंपण: सुरुवातीला वेग नाही, दुपारनंतर ढेपाळला. मागच्या रांगेतली गाडी.'

"आमच्या येळेला हाच बांध मी पाऊन तासात घातला व्हता," ते सांगायचे. "सासऱ्याला इचारा."

एकदा रकान्यांची नवी पानं द्यायला मी सकाळी साडेसहालाच वेवजीला गेलो. जिव्याभाऊ झोपले होते. खालच्या विहिरीची चढण चढून तिघं वर येत होती, पुढे तुषार, दोन्ही हातांत कळशा आणि खांद्यावर हंडा, मागे निलम आणि गंगीवहिनी. फेब्रुवारीतच वरच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. तुषारचा शर्ट पाठीला चिकटला होता. हंडा रिता करून तो लगेच परत खाली निघाला, म्हणजे ही पहिली खेप नव्हती आणि शेवटचीही नव्हती.

दुपारी जिव्याभाऊ घटकाभर गॅरेजात डोकावले तेव्हा मी विचारलं, "पाण्याचा रकाना नाही का काढायचा?"

"पानी बायकांचं काम," ते म्हणाले. "हौस म्हनून जातो तो. त्याचा टायम कशाला धरायचा?"

मी आपल्या मशीनकडे वळलो. शेजारधर्म म्हणा, भित्रेपणा म्हणा. दोन्ही होतं.

मार्च लागला तशी एक दिवस निलम दुकानात आली. आधार कार्डाची प्रत काढायची होती, पण पैसे देऊनही ती उभीच राहिली.

"काका, तुषारच्या घरचे होळीपर्यंतच थांबणार आहेत," ती म्हणाली. "बाबा नाय बोलले तर ते दुसरी मुलगी बघतील."

"तुषार काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? रोज खड्डे खणतो." तिने प्रत घडी करून पिशवीत घातली. "दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसून कलमं बांधतो. तो कसा आहे ते मला माहीत आहे. मला वहीत कोणी विचारलं नाही."

मला तिचं फार वाईट वाटलं आणि जिव्याभाऊंचा संताप आला. तरी पानं मी अजून छापून देतच होतो.

जिव्याभाऊंनी निकालाचा दिवस ठरवला तो सतरा मार्च, रविवार. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियात हंगामाची पहिली शर्यत होती. त्या वर्षी टेस्टिंगमध्ये लाल गाड्या सगळ्यांत वेगवान दिसल्या होत्या आणि लाल टोपीच्या मालकाला आकाश ठेंगणं झालं होतं. "रविवारी या, नविनशेठ. लाल गाडी पयली आन पोरगा नापास. दोनी निकाल एका दिवशी देतो." वडीलधारा माणूस हवा म्हणून सुक्याबाबांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, काठी टेकत आला. ज्यांनी कधीकाळी जिव्याभाऊंना पारखून पास केलं, त्यांच्यासमोर तुषारला नापास करायचं, असा थाट होता.

पावणेअकराच्या सुमारास ओटीवर टीव्ही लागला. सुक्याबाबा खाटेवर, जिव्याभाऊ टीव्हीसमोर, मी वहीपाशी. तुषार अंगणात फांद्या तोडत होता, कारण निकाल लागेपर्यंत टेस्टिंग चालू होती. निलम दाराच्या चौकटीत उभी होती. गंगीवहिनी तांदूळ निवडत होत्या.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. चांदीच्या रंगाच्या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. लाल गाड्या चौथ्या आणि पाचव्या, त्याही इतक्या मागे, की टीव्हीवाले त्यांना दाखवायचंच विसरले. अर्ध्या शर्यतीत जिव्याभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. संपल्यावर त्यांना एकदम हुशारी आली.

"बघितलं?" ते म्हणाले. "या चांदीवाल्यांनी टेस्टिंगला टाक्या भरून पळवल्या व्हत्या. वजन घेऊन पळत व्हते, म्हनून हळू दिसले. आपल्याला नुसता टायम दिसला, वजन दिसलं नाय. मी पयल्यापासून हेच सांगतो."

मी आजवर या माणसाला इतक्या वेळा चुकताना पाहिलंय, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा बरोबर बोलला. ते त्याला मात्र कळलं नाही.

गंगीवहिनींनी सूप खाली ठेवलं. "वजन दिसलं नाय," त्या म्हणाल्या. "नविनभाऊ, वहीत पोराचं वाचा."

मी वाचलं. बांध, दोन तास चाळीस मिनिटं, मंद. भारे, साडेतीन तास, तीनदा बसला.

"त्याच्या आधी पानी किती आनलं, ते वाचा."

"ते लिहिलेलं नाही, वहिनी."

"बारा हंडे," त्या म्हणाल्या. "रोज. खालच्या विहिरीवरून. मंग तो बांधावर जातो. मंग हे उठतात आन घड्याळ दाबतात."

अंगणातला कोयत्याचा आवाज थांबला. जिव्याभाऊ म्हणाले, "पानी बायकांचं काम हाय, त्याचा काय संबंध?"

गंगीवहिनींनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या बापाकडे वळल्या. "बाबा, तुमी यांना दोन वर्सं बघितलं. कसे व्हते?"

"पयल्या नंबरचा गडी," सुक्याबाबा लगेच म्हणाले. "पाऊन तासात बांध घालायचा. असा गडी आजूबाजूला नव्हता."

"टेस्टिंगला," वहिनी म्हणाल्या. "लगीन झालं तवापासून मला एक हंडा भरून दिला नाय यांनी. एकोनतीस वर्सं झाली. बांध मी घालते, भारे मी आनते, पानी मी आन पोरगी. हे टेस्टिंगला पयले आले बाबा, पन हंगाम मी काढला."

त्या चिडून बोलत नव्हत्या. तांदळातला खडा काढून टाकावा तसं बोलत होत्या आणि म्हणूनच कोणाला मधे पडता येईना. निलमचे डोळे भरले होते. जिव्याभाऊंनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं.

म्हातारा जावयाकडे वळला. "माझीच पारख चुकली," तो म्हणाला. "पोरगा पास. होळीच्या आधी त्याच्या घरी निरोप धाडा. लगीन उन्हाळ्यात." मग त्याने जिव्याभाऊंपुढे हात पसरला. "ते घड्याळ इकडं दे. तुला पुन्हा बघायला पायजे. उद्यापासून पानी तू आनायचं."

"बाबा, लगीन झालेल्या मानसाची कसली टेस्टिंग?"

"दे," म्हातारा म्हणाला.

स्टॉपवॉच कसं चालतं ते जिव्याभाऊंनाच त्याला समजावून द्यावं लागलं.

लग्न मे महिन्यात झालं आणि चांगलं झालं. पण मला आठवतो तो सतरा मार्चनंतरचा सोमवार. जिव्याभाऊ साडेअकराला गॅरेजात आले. डावा खांदा भिजलेला, चाल वाकडी, टोपी नाही. सुक्याबाबा पहाटेपासून विहिरीच्या काठावर घड्याळ घेऊन बसले होते, हे तोपर्यंत नाक्यावर सगळ्यांना कळलं होतं. आणि हेही, की जिव्याभाऊंना एका खेपेला पस्तीस मिनिटं लागली, वाटेत पाच वेळा बसले आणि हंडा वर पोचला तेव्हा अर्धा होता. बारापैकी तीन झाले.

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि बाकावर टेकले.

"पयल्या दिवसाच्या टायमावरून काय ठरत नसतं, नविनशेठ," ते म्हणाले.