जाड तारेची खरखर

बहिणीच्या डाव्या हाताचे प्लास्टर निघाले तेव्हा मनगटाचे हाड जुळले होते, पण बोटे मिटत नव्हती. अनामिका सर्वांत हट्टी. ती तळहाताकडे अर्धी वाकायची आणि तिथेच थांबायची. पुसदच्या बाजारात वळणावर स्कूटी घसरली, एवढेच निमित्त झाले होते. बोटांचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिला स्पष्ट सांगितले, की येत्या काही महिन्यांत बोटे जेवढी वाकतील तेवढीच. नंतर ती आहेत तशीच राहतील.

त्यांनी रबरी चेंडू दिला. तो पलंगाखाली गेला. मळायला माती दिली. ती डब्यात वाळली. शेवटी बाई म्हणाल्या, एखादे वाद्य शिका. घरात पेटी होती; पण पेटीवर डावा हात भाता हलवतो, त्याच्या बोटांना काम नसते. गिटारीचे उलटे आहे. तारा दाबायच्या त्या डाव्याच हाताच्या बोटांनी. बहिणीने त्याच संध्याकाळी फोन केला.

"दादा, तू पाहून दे. स्वस्त पाहिजे, पण टाकाऊ नको."

"अन् तीही पलंगाखाली गेली तर?"

"ते गिटारीवर हाय. तारांनी बोटं कापली, तर जाईलच."

प्रश्न एवढाच होता. तारा कडक निघाल्या तर ती आठवडाभरात वाद्य सोडेल आणि त्याबरोबर बोटही सुटेल.

माझी नोकरी एका वृत्तपत्राच्या यवतमाळ कार्यालयात आहे. आलेली बातमी खरी की खोटी हे पाहण्याआधी ती सांगणाऱ्याला तिच्यातून काय मिळणार आहे, हे पाहायचे, अशी तिथली सवय. गिटारीबद्दल माहिती गोळा करू लागल्यावर ही सवय फार उपयोगी पडली नाही, कारण सांगणारे सगळेच काही ना काही विकत होते. मोबाइलवर गिटारींची तुलना करणारा तरुण शेवटी एका दुकानाचे नाव घ्यायचा. शिकवणी घेणारा म्हणायचा, माझ्यामार्फत घ्या. तरीही काही मुद्द्यांवर सर्वांचे एकमत होते. तारा मानेच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांडीच्या, जवळ असाव्यात. डोळ्यासमोर धरून पाहिल्यास मान सरळ दिसावी. आणि वाद्य बंद खोलीत, शांततेत वाजवून पाहावे, कारण तार कुठे खरखरत असेल तर उघड्यावर ते कळत नाही. एकमेकांचे स्पर्धक जे एकसारखे सांगतात, ते सहसा खरे असते. हे मुद्दे घेऊन शोध सुरू झाला.

बहीण सुटी काढून यवतमाळला आली. बाजारातल्या एका दुकानात वर तबले, खाली पेट्या आणि मधल्या तारेवर गिटारी टांगलेल्या होत्या. दुकानदाराने एक उतरवली, बोटाने छेडली आणि बहिणीच्या हातात दिली. तिने तर्जनी ठेवली, मधले बोट ठेवले. तारा सहज दबल्या. तिचा चेहरा उजळला. तो इतक्या लवकर उजळला, हेच खटकले.

तारा सुरात आहेत का, ते दाखवणारे अॅप मी मोबाइलमध्ये घेऊन ठेवले होते. दुकानदाराला न विचारता ते सुरू केले. सगळ्या तारा सुराच्या बऱ्याच खाली होत्या. सैल तार कोणाच्याही बोटाखाली मऊच लागते.

"या सुरात लावून द्या," मी म्हणालो.

"लावतो नं. काहून एवढं? घरी गेल्यावर लावता येते."

"इथंच लावा."

त्याने खुंट्या पिळल्या. तारा ताणल्या तशा त्या मानेपासून वरही उचलल्या. बहिणीने पुन्हा मधले बोट ठेवले आणि हात झटकला. अनामिकेने तर तारेपर्यंत जाणेच नाकारले.

"लाकूड तरी सलग आहे का?"

"एकदम अस्सल. एकाच फळीचं."

मधल्या गोल छिद्राच्या कडेवर मोबाइलचा उजेड टाकला. कडेत एकावर एक चिकटवलेले पातळ थर दिसले. थरांच्या लाकडात वाईट काही नाही. यवतमाळच्या उन्हाळ्यात सलग फळीपेक्षा तेच कमी तडकते. खोटे बोलण्याची गरज नव्हती. तरी तो बोलला होता.

"साहेब, तुम्ही पेपरवाले का?" त्याने गिटार परत टांगत विचारले.

"हो."

"तरीच. नवरी पाहाले गेले तरी पंचनामा करून येत असाल."

बहीण मोठ्याने हसली. "तसंच झालं होतं, भाऊ. वहिनीले विचारा."

दुकानात नायलॉनच्या तारांची एक गिटार होती. तिच्या तारा खरोखरच मऊ होत्या, पण मान एवढी रुंद, की बहिणीचा अवघडलेला हात तिला वेढा घालू शकेना. आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो. तिला पाहिजे होती ती अरुंद मानेची, बारीक आणि जवळ बसलेल्या तारांची. असे वाद्य नवे आणि स्वस्त मिळेना.

दोन दिवसांनी जुन्या वस्तूंच्या जाहिरातींमध्ये एक दिसली. राजूरची, वणीजवळ. किंमत नव्या स्वस्त गिटारीच्या निम्मीही नव्हती. फोटो एकच, निंबाच्या खोडाला टेकवून काढलेला. मागे घर नाही, खोली नाही, माणूस नाही. विकण्याचे कारण दिलेले नाही. फोनवर एक पुरुष बोलला. मान अरुंद आहे का, तर हो. तारा बारीक आहेत का, तर हो. विकता कशाला, तर उत्तर आले, "लागत नाही आता."

"घराचा पत्ता पाठवा."

"घरी नका येऊ. खाणीच्या रस्त्यावर चहाचं दुकान हाय, तिथं निंबाखाली या. म्या तिथं घेऊन येतो."

फोन ठेवल्यावर बहिणीला म्हटले, की हा माल चोरीचा असू शकतो.

"गिटार कोण चोरते, दादा?"

"ज्याला वाजवता येत नाही, तो."

तरी आम्ही गाडी काढली, कारण तिची सुटी संपत आली होती.

राजूरला निंबाची पाने कोळशाच्या धुळीने काळपट झाली होती. रस्त्यावरून भरलेले ट्रक एकामागोमाग एक जात होते. चहाच्या दुकानाच्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस कापडी पिशवीतली गिटार मांडीवर आडवी घेऊन बसला होता. एवढ्या उन्हात त्याने कान झाकले जातील अशी टोपी घातली होती. ती मी लगेच टिपली.

खाणीच्या कार्यालयात कारकून आहे, असे त्याने सांगितले. पिशवीची चेन उघडली आणि गिटार थेट बहिणीकडे दिली. मी मध्ये हात घालून आधी अॅप सुरू केले. तारा सुरात होत्या. डोळ्यासमोर धरली, मान सरळ होती. तार आणि मान यांच्यात काडेपेटीतली काडी जेमतेम सरकली. मग बहिणीने घेतली. तर्जनी बसली, मधले बोट बसले. तिने उजव्या हाताने अनामिकेला धरून बारीक तारेवर नेले आणि सोडले. अनामिका तिथे राहिली. तिने तार छेडली. त्याच वेळी ट्रक गेला, त्यामुळे आवाज कसा आला ते कळले नाही. पण बोट तारेवर होते, ते मी पाहिले.

"हेच घेऊ," ती म्हणाली.

"थांब." त्या माणसाला म्हणालो, "इथं काही ऐकू येत नाही. तुमच्या घरी चला. दार लावून दोन मिनिटं वाजवून पाहतो."

"घरी नाही जमत, साहेब."

"का?"

"नाही जमत. इथंच पाहून घ्या."

ट्रकच्या रस्त्यावर गिटार विकणारा माणूस खरखर लपवत असतो, किंवा घर लपवत असतो. मी विचारले, पावती आहे का. नव्हती. विचारले, तुमचीच आहे का. "माहीच हाय," तो म्हणाला. मग थोडे वाजवून दाखवा, असे म्हटले. त्याने नकार दिला.

"वाजवता येत नाही?"

"येते. पण वाजवत नाही."

मी गिटार पिशवीत घालायला सांगितली आणि गाडीची किल्ली काढली. बहीण जागची हलली नाही. तिने गिटार घट्ट धरून ठेवली होती. आमची दोघांची त्या बाकापाशीच बाचाबाची झाली.

"चल, हा काहीतरी झाकून राह्यला."

"झाकू दे. माह्यं बोट बसलं नं?"

"बसलं. उद्या पोलीस घरी आले तर?"

"तुह्या ओळखीचेच येतील."

तो माणूस गडबडला. त्याने घाम पुसायला टोपी काढली. डोक्यावर सगळीकडे सारख्याच लांबीचे, नुकतेच उगवलेले बारीक केस होते. टोपी मी आधी पाहिली होती, पण खाली काय आहे ते बहिणीला कळले.

"भाऊ, घरी कोण गेलं?"

त्याने टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "वडील. मागच्या महिन्यात."

वडील गेल्यावर वर्ष सरेपर्यंत घरात वाद्य वाजवायचे नाही, अशी त्याच्या घरची रीत होती. आमच्याकडेही ती पाळतात. घरात नेऊन वाजवू देणे त्याला शक्य नव्हते आणि स्वतः वाजवणे तर नाहीच.

"मग सांगायचं ना," मी म्हणालो.

"सांगून पाह्यलं, साहेब. पहिल्या दोघांले सांगितलं. त्याईले वाटलं, मेलेल्या माणसाची वस्तू हाय. एकजण तर चहाही न पिता गेला. वडील वाजवत नव्हते, फक्त ऐकत. आईले आता ते खुंटीवर दिसलं तरी रडू येते. ते म्हणते, घराबाहेर काढ."

हे सगळे खरे असू शकत होते. ठरवून सांगितलेलेही असू शकत होते. दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेण्याची सोय नव्हती. चहावाल्याला विचारले असते तर तो त्याचाच ओळखीचा निघाला असता. मी म्हणालो, "वाजवू नका. फक्त बोटं ठेवून दाखवा."

त्याने गिटार घेतली. उजवा हात पाठीमागे नेला. डाव्या हाताची बोटे मानेवर गेली, बसली, उठली आणि दुसरीकडे बसली. तो मानेकडे पाहत नव्हता. चार-पाच वेळा बोटांनी जागा बदलली आणि आवाज अजिबात झाला नाही. मी त्याला डावा हात पुढे करायला सांगितले. बोटांच्या टोकांना घट्टे होते. उजव्या हाताला नव्हते.

"झाला पंचनामा?" बहिणीने विचारले.

"खरखर राहिली."

"ते कुठं पाहतो आता?"

गाडी उन्हात उभी होती. आम्ही दोघे मागच्या सीटवर बसलो, काचा वर केल्या आणि दारे लावली. गिटारीची मान खिडकीच्या काचेला टेकत होती. आत भट्टी झाली होती, पण ट्रकचा आवाज दूर गेला. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेला आम्ही घर म्हणत होतो. प्रत्येक तार प्रत्येक घरात दाबून मी छेडत गेलो. बहीण पदराने माझा आणि स्वतःचा घाम पुसत होती. बारीक तारा स्वच्छ होत्या. मधल्याही. सर्वांत जाड तार तिसऱ्या घरात दाबली आणि डब्यात माशी अडकल्यासारखी खरखर झाली. पुन्हा दाबली, पुन्हा झाली.

"सापडली," मी म्हणालो.

"किती खूश झाला रे! दाखव."

जाड तार तिच्या तळहातापासून सर्वांत लांब होती. तिथपर्यंत पोचायला बोटे साऱ्या तारांवरून ताणून, वाकवून न्यावी लागत. तिने अनामिका न्यायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर थांबली.

"माह्यं बोट तिथं जातच नाही. मग ते तिथं खरखरो की काही करो."

काच खाली करून मी त्या माणसाला खरखरीबद्दल विचारले. तो म्हणाला, हो, ते हाय. चौथी पट्टी जराशी वर आली हाय. विचारलं असतं, तर सांगितलं असतं. मी ते विचारले नव्हते, हे खरे होते. त्याने स्वतःहून सांगितले नाही, हेही खरे होते. आम्ही गिटार घेतली. गाडी सुरू झाली तेव्हा तो बाकावर बसून गिटारीची रिकामी पिशवी शोधत असावा असे मला वाटले. मग लक्षात आले, की पिशवी त्याने आम्हालाच दिली होती.

त्यानंतर मी पुसदला फोन करून रोज विचारत असे, वाजवली का. ती रोज हो म्हणायची. त्यावर माझा विश्वास नव्हता. चेंडूच्या वेळीही ती हो म्हणायची. भाचीला वेगळा फोन करून विचारले, तर ती म्हणाली, मामा, आई रोज तेच दोन सूर वाजवते, तू येऊन थांबव. एवढ्याने समाधान मानले. तरी बोटाचे काय, हे भाचीला सांगता येत नव्हते. बाईंनी दिलेले महिने सरत होते.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मी कार्यालयात असताना बहिणीचा फोन आला. ती चिडलेली होती.

"दादा, हे गिटार खरखरून राह्यली."

"कुठं?"

"जाड तारेवर. तिसऱ्या घरात. तू गाडीत दाखवली होती, तेच. कानाले लय खराब लागते. ते पट्टी घासून घ्यावी लागते का?"

"कोणी दाबली?"

"कोणी म्हणजे? म्या."

"कोणत्या बोटानं?"

"आता पाह्यलं काय मी? वाजवून राह्यली तर वाजवून राह्यली—" ती थांबली.

"मधल्या बोटानं दाबली असशील," मी म्हणालो. "फोन स्पीकरवर ठेव. मधलं बोट बाजूला घे. अनामिकेनं दाब आणि छेड."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. टेबलावर बातम्या पडून होत्या. सहकाऱ्याने हाताने खूण करून काय झाले म्हणून विचारले, त्याला थांबायला सांगितले. पलीकडे लाकडावर बोट घासल्याचा आवाज झाला, बहीण स्वतःशीच काही पुटपुटली, आणि मग खरखर आली. जाड, वेडीवाकडी, डब्यातल्या माशीसारखी.

"आणखी एकदा," मी म्हणालो.