न नांगरलेला कोपरा

कांबळे सरांनी आम्हाला उचगावात जागा दिली. खोलीबद्दल म्हणत नाही, भाडं भरलं की खोली कुणीही देतं. दुसऱ्या जागेबद्दल सांगायचंय, म्हणून आधी त्यांचं नाव घेतलं. सर गेल्या महिन्यात गेले. पहिली पाळी संपवून फौंड्रीच्या गेटबाहेर आलो, तर बायकोचा फोन. "सर गेले, लवकर या," एवढंच बोलली. तशाच काळ्या हातांनी घर गाठलं...

मी वाशीमकडचा. आठवीत शाळा सुटली आणि ओळखीच्या एकाबरोबर इकडे कामाला आलो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. सर इतिहासाचे मास्तर, रिटायर झालेले. त्यांच्या घरामागच्या खोलीत आम्ही राहतो. संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि हाक मारायचे, "या पावणं, आज राजानं काय केलं ऐका." राजा म्हणजे जुन्या काळातला, स्पेनमधल्या कॅस्टिलचा. राज्य ख्रिस्ती लोकांचं, त्यात थोडे ज्यू, आणि सरांचं सगळं वाचन त्या ज्यूंवर. कोल्हापुरात बसून हे कशाला, असं मी एकदा भीतभीत विचारलं. सर हसले. "आमच्या आज्ज्याची वस्ती गावाबाहेर का, ते शोधत हुतो. शोधत शोधत लई लांब गेलो की." त्या ज्यूंचीही गल्ली वेगळी, कपड्यावर ओळखीची खूण लावायची सक्ती. राजा म्हणायचा ही माझी माणसं, म्हणजे त्यांचा कर माझा. आजारी पडलं की मात्र लोकांना ज्यू वैद्यच हवा. "औषध चालतंय, शेजार चालत न्हाय," असं सर म्हणायचे...

आमचं पहिलं बाळ थोड्याच दिवसांत गेलं. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. पण कुठं? आमची भावकी इथं नाही, रान नाही. दोघातिघांना विचारलं. वाईट कुणी बोललं नाही, पण प्रत्येकानं दुसरीकडं बोट दाखवलं. बाळ फडक्यात गुंडाळून मी दारात उभा होतो. सर आले आणि "चला" म्हणाले. त्यांच्या रानात, विहिरीपलीकडं बांधाच्या कोपऱ्यात, त्यांच्या मुलानं, मिलिंदभाऊंनी, खड्डा काढला. माझ्या जिवाला मात्र घोर. म्हटलं, सर, उद्या इथं नांगर फिरंल, ऊस लागंल, मग? तेव्हा माती सारखी करून झाल्यावर, तिथंच बांधावर बसून सरांनी ती गोष्ट सांगितली.

पाचशे वर्षांपूर्वी त्या कॅस्टिलच्या राजाराणीनं हुकूम काढला, ज्यूंनी ख्रिस्ती व्हावं, नाहीतर राज्य सोडावं. व्हितोरिया नावाच्या गावातले ज्यू निघाले. घरं विकता येतात, पुरलेली माणसं कशी न्यायची? त्यांनी आपली दफनभूमी गावाला देऊन टाकली, अट एकच, हिच्यावर नांगर घालायचा नाही. गावानं शब्द दिला. गेलेली माणसं बघायला परत येणार नव्हती. तरी शेकडो वर्षं गावानं दफनभूमीची ती टेकडी नांगरली नाही. अगदी अलीकडे शेजारच्या देशात राहणाऱ्या, त्यांच्याच वंशातल्या ज्यूंनी आपणहून गावाला शब्दातून मोकळं केलं. आता तिथं बाग आहे म्हणे. "हाकलणाऱ्यांच्या राज्यात एका गावाला शब्द पाळता आला. मग उचगावच्या कांबळ्याला जमंना व्हय?" मग मुलाकडं बघून म्हणाले, "ऐकलंस न्हवं? ज्याला शब्द दिला, त्यानंच तो सोडायचा."

तेव्हापासून दरवर्षी ट्रॅक्टर त्या कोपऱ्याच्या अलीकडूनच वळायचा. ड्रायव्हर वैतागायचा, "मास्तर, तिथं काय सोनं पुरलंय व्हय?" सर म्हणायचे, "व्हय, पुरलंय. वळीव की."

सरांच्या पुण्यानुमोदनाची वंदना झाली आणि काही दिवसांनी मिलिंदभाऊ आमच्या खोलीत आले. कडेला अवघडून बसले. मग म्हणाले, बहिणींची वाटणी करायची आहे, रानाचे प्लॉट पाडतोय, आणि आखणीतला रस्ता नेमका त्या कोपऱ्यावरून जातोय. "मी गुमान आखून टाकलं असतं. पर शब्द आण्णांनी तुम्हाला दिलाय. तुम्ही सोडताय काय, इचाराय आलोय."

माझं सगळं आयुष्य हो म्हणण्यात गेलंय. खोली त्यांची, गाव त्यांचं, उद्या निघा म्हणाले तर कुठं जाणार? होकार अगदी ओठावर आला होता. बायको चहा गाळत होती. मागं वळूनही न बघता म्हणाली, "नाई सोडत भाऊ."

मी खाली बघितलं. मिलिंदभाऊंनी बशीत चहा ओतला, फुंकून प्याले. "मग रस्ता वाकडा करू की. त्यात काय!" उठता उठता बायकोला म्हणाले, "वैनी, बरं केलासा. न्हायतर आण्णा स्वप्नात येऊन शिव्या घालत बसलं असतं."

आता रानात फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्यात. रस्त्याच्या दोन रेघा सरळ येतात आणि विहिरीपलीकडं एकदम वळतात. सुटीच्या दिवशी मी तिथं जाऊन उभा राहतो. गवत गुडघ्याएवढं वाढलंय. सर गेले असं तिथं वाटत नाही...

मिलिंदभाऊंच्या पोराबाळांना कधीतरी ती जागा खरंच लागेल. तेव्हा त्यांना आमच्या दारात येऊन असं अवघडून बसावं लागू नये. आम्ही दोघंच आधी त्यांच्या दारात जाऊ आणि म्हणू, घ्या, शब्द सोडला. आज ते जमत नाही. पण सर, तुमचं एवढं देणं मी कधीतरी नक्की फेडीन.