दीडशे पावलांवरची विहीर

आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत बुजवलेली विहीर आहे, असं माझी बायको म्हणायची. ती मूळची इथलीच, दिवा गावची. ही सगळी जागा पूर्वी तिच्या माहेरची भातशेती. ती गेल्यावर चार महिन्यांनी सोसायटीने तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं, तेव्हा मी सभेत उठून म्हटलं, आधी विहीर शोधा. पाण्याचे हाल सगळेच सोसतात, त्यामुळे कोणी हसलं नाही.

"काका, रविवारपर्यंत जागा दाखवा," आमचा तरुण सेक्रेटरी म्हणाला. "सोमवारी ब्लॉक बसले की विहिरीने स्वतः हाक मारली तरी मी यायचो नाही." मग हळूच म्हणाला, "काकूंची तेव्हा औषधं चालू होती ना? होतं माणसाचं असं."

ते मला लागलं. तिचा शब्द औषधांवर ढकलू द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं.

तिचा नकाशा माझ्याकडे होता. कल्पना माझी, पावलं तिची. निवृत्तीनंतर मी प्राचीन चीनमधल्या नकाशांबद्दल वाचत होतो. सतराशे वर्षांपूर्वी तिथल्या एका मंत्र्याने नकाशाचे सहा नियम लिहून ठेवले: प्रमाण, चौकटींची जाळी, पावलांनी मोजलेलं अंतर, उंचसखल, कोन, आणि वळणाची वाट सरळ करून धरणं. तुझं जुनं गाव आपण असंच कागदावर उतरवू, असं मी तिला म्हटलं.

"माझ्याच गावातली विहीर दाखवायला चीनचा माणूस कशाला?" ती म्हणाली. पण चप्पल घातली. "तुम्ही वही धरा, मी चालते."

रोज सकाळी सोसायटीच्या फाटकापासून मारुतीच्या देवळाच्या पायरीपर्यंत पावलं मोजायची, तिथून पुढे त्या दिवशीची जागा. ती चालायची, मी मागून लिहायचो. विहिरीच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: पायरीपासून खाडीच्या दिशेने सरळ, दीडशे. तेव्हा तिथे डेब्रिजचा ढीग होता. त्याच्यावर उभी राहून ती म्हणाली होती, "अहो, लिहा. याच्याखाली."

आता ढीग नव्हता, सगळं सपाट. शनिवारी मी पायरीपासून दीडशे पावलं चाललो. कामगारांनी छातीभर खड्डा खणला. विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, खाली नुसता चिखल.

"राहू द्या आता, काका," सेक्रेटरी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच जड गेलं.

घरी येऊन सगळी पानं जमिनीवर मांडली आणि एकेक नियम लावून पाहिला. वाटेत वळण नव्हतं, चढ नव्हता. पहिला नियम, प्रमाणाचा, मी तपासलाच नव्हता, कारण तो मला पाठ होता. फाटक ते पायरी, पहिल्या पानावर दोनशे. मग दोनशे आठ. दोनशे एकवीस. विहिरीच्या पानावर अडीचशे.

वाट तीच होती. तिची पावलं आखूड होत गेली होती. विचारलं की "बरी आहे मी" म्हणायची, आणि मी आकडा लिहून पुढे निघायचो. रोज तिच्या पावलांमागे चालूनही मी वहीकडेच बघत होतो.

विहिरीचं पान बाजूला काढलं. मग उठलो, कारण हातात एकच दिवस होता.

रविवारी फाटक ते पायरी स्वतः मोजलं. दोनशे. म्हणजे तिच्या त्या दिवसाच्या पाच पावलांना माझी चार. दीडशेला एकशेवीस. तिथे काठी रोवली.

"परत?" सेक्रेटरी म्हणाला.

"परत. तीस पावलं अलीकडे."

"काका, ही शेवटची हां."

कमरेइतकं खाली गेल्यावर पहारीचा आवाज बदलला. घडीव दगड लागला. माती काढू तशी त्याची कड वळत गेली. सेक्रेटरी खड्ड्यात उतरला, त्या कडेवरून हात फिरवला आणि तिथूनच ठेकेदाराला फोन लावला: एवढी जागा सोडायची.

"काकूंचं बरोबर होतं," वर येत तो म्हणाला.

मी विहिरीच्या पानाखाली प्रमाण लिहिलं: पाचाला चार. अजून अकरा पानं आहेत, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. त्यातलं पुढचं काढलं आणि फाटकाकडे निघालो.