उतारासाठी बाभळीची फांदी

धोंड्याच्या महिन्यात जावयाला नारायण मानतात. पाय धुतात, पुरणाचे धोंडे वाढतात आणि वर वाण देतात. नारायणाची अडचण अशी, की दिलेल्या वाणाला त्याला नाही म्हणता येत नाही. माझ्या सासऱ्यांनी मला वाणात फटफटी दिली.

सत्तर सालानंतरची गोष्ट. इतरांचे जावई तेव्हा अंगठीवर, फार तर घड्याळावर खूश व्हायचे. मला मिळाली ती नवी कोरी, उंच, जाड टायरांची गाडी. डोंगरातल्या वाटांवरसुद्धा चालते, असं विकणाऱ्यानं मामांना सांगितलं होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. त्यांची वस्ती वैरागच्या पुढं, डोंगरावर होती.

मी सोलापुरात भवानी पेठेत चादरींच्या दुकानात विक्रेता होतो. एक खोली, सामाईक नळ, दिवसभर मागांची खडखड. ते सगळं मला मनापासून आवडायचं. रविवारी दुकान बंद, आणि तो दिवस माझा एकट्याचा. सासुरवाडीला जायचं तर दोन एस.टी. बदलून वर डोंगर चढावा लागे, म्हणून आम्ही दिवाळीला आणि जत्रेला जायचो. ‘गाडी कुठं आहे सोयीची?’ हे माझं ठरलेलं उत्तर होतं. मामांनी ते उत्तरच काढून घेतलं. त्यांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, ती माझ्या घरात. ‘घरजावई’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. त्यांनी फक्त फटफटी दिली.

दर रविवारी आम्ही पहाटे निघायचो. डोंगराच्या पायथ्याला सडक संपायची आणि बैलगाडीची वाट सुरू व्हायची. दोन चाकोऱ्या, मध्ये गोटे, वळणावर मुरूम. चढताना फार त्रास नव्हता. पहिल्या गियरमध्ये घालायची आणि मूठ सोडायची नाही. बायको मागून माझा सदरा धरून बसायची. खरा प्रश्न उतरायचा होता. पहिल्याच रविवारी पुढचा ब्रेक दाबला आणि चाक मुरमावरून असं सरकलं, की आम्ही दोघं घाणेरीच्या झुडपात. मी रागानं फटफटीला लाथ मारली, ती माझ्याच पायाला लागली. उंदराच्या सापळ्यात शिरायला वाव असतो, निघायला नसतो. मी तसा दर आठवड्याला आपल्या पायांनी शिरत होतो. सोमवारी सकाळी दुकान उघडायला हजर राहिलो नाही तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की सोलापूर गेलं.

पुढच्या रविवारी मामांनी झुडपात मोडलेला फटफटीचा आरसा पाहिला. ते हसले नाहीत. त्यांच्याकडं बैलगाडी घाटातून उतरवताना मागं झाडाची फांदी बांधायची रीत होती, म्हणजे गाडी बैलांच्या अंगावर येत नाही. दुपारी त्यांनी कुऱ्हाड घेतली, बाभळीची मोठी फांदी तोडली आणि कासऱ्यानं फटफटीला मागं बांधली.

“आता बिनघोर जावा, पाव्हणं. फांदी वडून धरंल.”

आणि ती खरंच ओढून धरायची. मागं धुळीचा लोट, फांदीचा फरफर आवाज, बायको पदरानं तोंड झाकून. वाटेतल्या वस्त्यांवरचे लोक कामं सोडून बघायचे. “जावई आला, शेपूट घिऊन,” असं कुणीतरी म्हणालं, आणि बायको पाठीमागं इतकी हसली, की गाडी हलली. पायथ्याला मी फांदी सोडून टाकायचो आणि सडकेला लागायचो. तिथून सोलापूरपर्यंत मी मोकळा असायचो.

हळूहळू वाट अंगवळणी पडली. उतारावर गियर काढायचा नाही, इंजिनच गाडीला धरून ठेवतं, हे कळलं. गोट्यांवर हँडल आवळायचं नाही, सैल सोडायचं, हेही कळलं. फांदीची मला गरज उरली नव्हती. पण मी ते बोललो नाही. फांदी होती तोवर मी पाव्हणा होतो, डोंगराची सवय नसलेला. वाट जमली म्हटलं, की पुढचं काय ते मला माहीत होतं. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं नव्हतं मला. मामा दर रविवारी, मला जाऊ देण्यासाठी, इमानानं फांदी तोडत राहिले. ते कपटी असते तर मला बरं वाटलं असतं.

मग एका रविवारी मामा पडवीतून उठलेच नाहीत. उजवा खांदा डाव्या हातानं धरून बसले होते.

“हात वर हुईना. आज फांदी तुमीच तोडा की. कुराड दाराआड हाय.”

मी बाभळीकडं गेलो आणि फांदी तोडली. पहिल्यांदाच तोडत होतो, तरी बरी तुटली. ओढत आणताना दिसलं, कुंपण एका जागी मोडलंय आणि शेजारच्या वस्तीवरची शेरडं ज्वारीत शिरलीत. मामांनीही पडवीतून ते पाहिलं. उठायला गेले, आणि पुन्हा खाली बसले. मी शेरडं हाकलली. हातातली फांदी त्या भगदाडात घातली आणि पायानं दाबून बसवली, मामा बसवायचे तशी.

“बरं केलंस,” मामा म्हणाले. लग्नापासून ते मला अहो-जाहोच करायचे.

मला ओरडावंसं वाटलं. मी वळून पाहिलं. हँडलला अडकवलेली आमची पिशवी बायकोनं काढून घेतली होती. मला न विचारता ती घरात घेऊन गेली होती.

“फटफटी गोठ्यात घ्या,” ती दारातून म्हणाली. “दवात भिजंल.”

मी घेतली. डोंगर उतरायला आता मला काहीच अडचण नव्हती.