विलायती बँड आणि माझ्या रिक्षातला टेप

अख्ख्या जालना जिल्ह्यात त्या विलायती बँडची गाणी माझ्याइतकी पाठ असलेला दुसरा माणूस तुम्हाला घावणार न्हाई. आता त्यातल्या एका बी शब्दाचा अर्थ मला म्हाईत न्हाई, ती बात अलग.

शिक्षण माझं दुसरीपर्यंत. मी म्हणायचो, शाळा सोडली. मास्तर म्हणायचे, शाळा सुटली. टेंभुर्णीहून जालन्याला आलो, स्टेशनसमोर रिक्षा लावली. जुनीपानी रिक्षा व्हती. ब्रेकचा भरोसा न्हाई, हॉर्न मनाला वाटंल तवा वाजायचा, पण टेप एक नंबर. त्या टेपमुळंच साहेब माझ्या वाट्याला आले.

साहेब म्हणजे बियाण्याच्या कंपनीतले मोठे साहेब, रिटायरला टेकलेले. एका ऐतवारी सकाळी हातात कापडी पिशवी घेऊन आले. लोक विचारतात, रिक्षा येती का? ह्यांनी विचारलं, "टेप चालतो का?"

म्हणलं, "साहेब, टेपच चालतो. बाकीचं ढकलावं लागतं."

"मग चल अंबड रोडनं. कुठं थांबायचं नाही. अर्ध्या तासानं घरी आणून सोड."

मला वाटलं, घरी भांडून आले. तसं थोडं खरंच व्हतं. त्यांच्या मॅडमनं सांगून ठेवल्यालं, हा कालवा माझ्या घरात वाजणार न्हाई. म्हणून बिचारे पिशवीत कालवा घेऊन फिरत व्हते.

"कशाची कॅसेट हाय साहेब?"

"बँडची. साठच्या दशकातली. लाइव्ह आहे."

आता बँड म्हणल्यावर आपल्या डोळ्याम्होरं काय येतं? लाल कोट, सोनेरी पट्ट्या, बाजे आणि मागून नाचणारे मामा. मी खुशीत इचारलं, "वरात कुणाची?" साहेबांनी पिशवीतून कॅसेट काढून दिली. मी टाकली. आधी नुसतं खरखर. मंग एकदम हजार बायका जीव खाऊन वराडल्या.

मी जागीच ब्रेक मारला. त्या दिवशी लागला बी. गमछा तोंडाला गुंडाळला आणि म्हणलं, "साहेब, खाली वाका! मोहळ उठलं!"

माझी काय गलती न्हाई. आमच्या गावात एका लग्नात फटाक्याच्या धुरानं आग्यामोहळ उठल्तं. बँडवाले ढोल टाकून पळाले आणि नवरदेव घोड्याच्या पोटाखाली घुसला. तवा बायका बराबर अशाच वराडल्या व्हत्या.

साहेबांनी चष्मा काढला, हसून हसून डोळे पुसले. "अरे, मोहळ नाही. पोरी ओरडतायत. आनंदानं."

"आनंदानं? मंग दुखल्यावर कशा वराडत असतील?"

तिथून आमचा ऐतवार सुरू झाला. पंधरा वर्सं. रिक्षा बदलली, टेप तोच. जुन्या रिक्षातून स्पीकरसकट काढायचा, नवीत बसवायचा.

पयल्यांदा मला वाटलं, साहेबांना कुणीतरी फसवलं. पिशवीत तीसेक कॅसेट, आणि एकच गाणं अकरा बार! म्हणलं, "साहेब, दुकानदार लबाड हाय, परत करा." साहेबांनी समजावलं, हे बाजारातलं न्हाई. बँड गावोगाव फिरून गाण्याच्या सभा करायचा, आणि कुण्या शौकिनानं सभेत बसून चोरून टेप केल्यालं. मंग शौकीन लोक पोस्टानं एकमेकांला धाडायचे. गाणं तेच, पण दर गावात येगळं वाजल्यालं. हे मातर माझ्या टकुऱ्यात जल्दी घुसलं. आमचं भजनी मंडळ टेंभुर्णीत म्हणतं तो अभंग आणि जेवणाचं आवतण असल्यावर दुसऱ्या गावात म्हणतं तोच अभंग, ह्यात फरक असतोच की.

मला वाचता येत न्हाई, म्हणून मी कॅसेटवर बायकोच्या टिकल्या लावल्या. हिरवी टिकली म्हणजे खोकल्यावाली. दुसऱ्या गाण्यात मधीच एक माणूस असा खोकतो की आपल्याला पाणी न्यावंसं वाटतं. पिवळी म्हणजे माईक किर्र करती ती. बायको म्हणायची, "माझ्या कपाळाला टिकली न्हाई आणि तुमच्या डब्यांना रोज नवी." तिचं बी बराबर व्हतं.

आमच्यात तिसरे आले ते बँकेतले कॅशियर. स्टेशनवर रिक्षातून आवाज ऐकला आणि धावतच मागं येऊन बसले. त्यांनी पुस्तकं वाचल्याली. कोणती सभा कोणत्या साली, कोणत्या हॉलात, ढोलवाला त्या दिवशी आजारी व्हता का, सगळं तोंडपाठ. मी मधी काही बोललो की म्हणायचे, "तू फक्त हँडल धर."

मी हँडल धरायचो. पण एका ठिकाणी माझा आवाज निघायचाच.

लाल टिकलीवाली कॅसेट. सगळ्यात भारी. तिच्या शेवटी गाणारा थांबतो, हळूच दोन-तीन वाक्यं बोलतो, आणि सगळी सभा हसती. हिहिहिहि, हिहिहिहि. एवढ्या हजार माणसांला हसू यावं म्हणजे इनोद केवढा असंल! मी बी हँडलवर थाप मारून हसायचो. साहेब तिथं गप बसायचे. मी समजायचो, मोठ्या माणसाला हसायला लाज वाटती.

आडदिवशी हीच कॅसेट साहेबांकडून मागून घेऊन मी पॅसेंजरला ऐकवायचो. एकदा अंबडची एक म्हातारी, मांडीवर गाठोडं, म्हणली, "भाऊ, बंद कर रं. कुठल्या पोरी कोंडून ठेवल्या हाईत ह्या डब्यात?" मी म्हणलं, "मावशी, थांब, आता इनोद येऊन राह्यला." आला. मी हसलो. ती म्हणली, "काय म्हणला?" आता काय सांगू? ठोकून दिलं, "म्हणला, पंगत बसली, पत्रावळ्या मांडल्या, आणि वाढपी पळून गेले." म्हातारी एवढी हसली की गाठोडं खाली पडलं. तवापासून मी सगळ्यांला तेच सांगायला लागलो. शंभरदा सांगून सांगून मला बी खरं वाटाया लागलं.

मंग गेल्या दिवाळीनंतर साहेब म्हणले, "आम्ही पुण्याला चाललो, मुलाकडं. आता तिथंच."

आणि कॅसेटचं काय? मुलाच्या घरी जागा न्हाई. मॅडमनं सगळ्या कॅसेट एका खोक्यात भरून दाराशी ठेवल्याल्या. "कुणाला द्यायच्या त्या द्या, पण माझ्या सामानात घालू नका."

आता खोकं एक आणि आम्ही दोघं. कॅशियर म्हणले, "साहेब, ह्याला काय कळतं? मी काचेच्या कपाटात ठेवीन, साल लावून." मला बी पाहिजे व्हतं. ते खोकं गेलं तर टेपमधी काय लावू, भंगारवाल्याची आरोळी? खरं सांगतो, माझ्या लग्नात मला नवरीची एवढी आस न्हवती जेवढी त्या खोक्याची लागली. हे मी घरी बोलून बसलो. तवापासून भाजीत मीठ बराबर पडून न्हाई राह्यलं.

साहेब म्हणले, "शेवटच्या रविवारी एक फेरी मारू. मग बघू."

मी ठरवलं, साहेबांला खुश करून टाकायचं. रिक्षाचा उजवा स्पीकर कवाचाच फाटल्याला, डावा फडफडायचा. दोन्ही काढले, नवे बसवले. टेपचं हेड कापसावर स्पिरिट घेऊन पुसलं. रिक्षाला हार बी घातला. स्टँडवरचे म्हणले, "कुणाची वरात?" म्हणलं, "बँडची."

साहेब आले, कॅशियर आले. साहेबांनी स्वतः लाल टिकलीवाली काढून हातात दिली. अंबड रोडला लागलो. नव्या स्पीकरवर काय आवाज, म्हाराज! खोकल्यावाला तर माझ्या कानातच खोकला असता, पण तो हिरव्या टिकलीत व्हता. मी आरशात बघितलं, साहेब डोळे मिटून बसल्याले. म्हणलं, खोकं आपलंच.

मंग ती जागा आली. गाणारा थांबला. दोन-तीन वाक्यं बोलला. मी सवयीनं हँडलवर थाप मारली आणि मोठ्यानं हसलो.

हसलो तो मी एकटाच.

नव्या स्पीकरमधून पोरी हसत न्हवत्या. हुंदके देऊन रडत व्हत्या. हजार पोरी. फाटक्या स्पीकरमधी हुंदक्याचं हिहिहि व्हत व्हतं, इतकी वर्सं. माझं हसू तोंडातच अडकलं, गिळता बी येईना आणि टाकता बी येईना.

कॅशियर मागून उठलेच; आजवर माझं हसणं ते अडाणी म्हणून सोडून द्यायचे, पण आज खोक्याचा सवाल व्हता. "हसतोय! साहेब, बघा, पोरी रडतायत आणि हा हसतोय! सांग रे, काय म्हणला तो गाणारा? सांग!"

रिक्षा मी बाजूला घेतली. म्हणलं आता खोटं बोलून काय उपेग. खाली मान घालून बोललो, "वाढपी पळून गेले."

"काय?"

"पंगत बसली, पत्रावळ्या मांडल्या, वाढपी पळून गेले."

कॅशियरनं कपाळावर हात मारला. "अरे, तो म्हणतोय, तुमच्या गावात ही आमची शेवटची सभा. आता परत येणं होणार नाही. सांभाळून राहा."

मी साहेबांकडं बघितलं. पंधरा वर्सं हा माणूस त्या जागी गप बसायचा आणि मी म्होरं बसून दात काढायचो. मयतीत पिपाणी वाजवल्यासारखं.

"साहेब, तुम्ही कवाच सांगितलं न्हाई?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "सांगणार होतो. पण तू इतका जोरात हसायचास की मला वाटायचं, आज राहू दे." एवढं म्हणले, आणि मंग त्यांचे खांदे हलाया लागले. मला वाटलं, रडले. मी घाबरून पाण्याची बाटली काढली. पण ते हसत व्हते. "वाढपी..." म्हणायचे आणि पुन्हा हसायचे.

मी रिक्षा घराकडं वळवली. वाटंत मधीच मागून साहेबांचं "वाढपी" ऐकू यायचं.

घरासमोर टेम्पो भरून उभा. मॅडम दारात, पायाशी खोकं. कॅशियरनं उतरल्या उतरल्या सगळा किस्सा सांगितला, हावभाव करून. वर म्हणले, "आता तुम्हीच सांगा मॅडम, खोकं कुणाकडं जावं?"

मॅडमनं इचारलं, "तुमच्याकडं टेप आहे का?"

"टेप नाही, पण कपाट आहे. काचेचं."

"म्हणजे नुसत्या बघत बसणार?"

कॅशियर म्हणले, गाणी तर त्यांच्या फोनमधी सगळी हाईत, हे आपलं जपायला. साहेब तर काही बोलायच्या हालतीतच न्हवते, गेटाला धरून हसत व्हते. मॅडमनं खोकं उचललं आणि सरळ माझ्या रिक्षात, मागच्या सीटवर ठेवलं.

माझी छाती टरारून फुगली. कॅशियरकडं बघून म्हणलं, "बघा कॅशियर साहेब, कान लागतो कान. पुस्तकं वाचून होत न्हाई."

मॅडम टेम्पोकडं निघाल्या व्हत्या, तिथूनच मागं वळल्या.

"फुगू नकोस फार. तुझ्या कानासाठी नाही दिलं. सगळ्या जालन्यात अजून टेप वाजवणारा मागासलेला माणूस तू एकटाच उरलास, म्हणून दिलं."